हो असेल तर एक दाबा

काल संध्याकाळी माझ्या आवाजाने जिला शाबास म्हटलं, ती बाई आज सकाळी पाण्याच्या बादलीसकट जिन्यात खाली बसली. पडली नाही. पडली असती तर आरडाओरडा झाला असता, चार माणसं धावली असती. ती नुसती बसली, कंटाळा आला की आपण बसतो तशी, आणि तिच्या हातातून सुटलेली बादली पायरी पायरी पाणी सांडत माझ्या पायाशी येऊन टेकली. नळ खाली चौकात आणि आम्ही राहतो वर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे सकाळचा जिना म्हणजे बादल्या, भेगाळलेल्या टाचा आणि शिव्या. मागून कुणीतरी ओरडलंच, "काय गं, जिन्यात संसार मांडला का? चला की पुढं." मी माझ्या दोन्ही बादल्या खाली ठेवल्या. तिचा चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता आणि ओठ कुठे संपतात ते कळत नव्हतं. तिला सातवा महिना आहे. मागचं बाळ राहिलं नव्हतं.

तिला सगळे नवी म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा नवी होती म्हणून नवी. तिच्यानंतर या मजल्यावर आणखी दोन सुना आल्या, त्यातली एक पळूनही गेली, पण नवी हीच. तिच्या आणि माझ्या खोलीत एक भिंत आहे. तिला भिंत म्हणायचं ते तिचं मन राखायला; खाली विटा आणि वर फळ्या. तिने काडी ओढली तर मला वास येतो. "काय होतंय?" मी विचारलं. "काही नाही हो ताई, जरा अंधारी आली." "रात्री जेवली होतीस का?" "हो, जेवले की," ती म्हणाली, शाळेत पाढे म्हणावेत तशी, तोंड चालू आणि डोळे भलतीकडे. मी तिला दंडाला धरून वर नेलं. दंड माझ्या बोटांच्या कडीत मावला. तिच्या खोलीत चुलीवर पातेलं पालथं ठेवलेलं होतं, स्वच्छ, आणि त्याच्या बुडावर बारीक धूळ होती. रात्री शिजलेल्या पातेल्यावर सकाळी धूळ नसते. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर लांब गेलाय, येतो तेव्हा येतो. माझी बादली तिच्या मोरीत रिकामी केली, माझ्या घरून चहात बुडवायचा पाव आणून तिच्या हातात दिला, ती "कशाला, कशाला" म्हणत राहिली, आणि मला कामाला उशीर झाला होता म्हणून मी निघाले. उशीर झाला नसता तरी मी निघालेच असते. तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं, कारण काल संध्याकाळचं मी ऐकलं होतं. फळ्यांपलीकडे तिचा फोन वाजला, मग माझाच आवाज आला: "ताई, आज अंडं, डाळ किंवा दूध यातलं काही तुमच्या पोटात गेलं का? हो असेल तर एक दाबा. नाही असेल तर दोन दाबा." मग टुक. मग पुन्हा मी, गोड, जशी आयुष्यात कुणाशी बोलले नाही तशी: "शाबास, ताई. अशाच खात राहा. तुम्ही खाल्लं की बाळ खातं."

मी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात आहे. दिवसभर चादरी. ओल्या चादरी तापल्या रुळात घालायच्या, पलीकडे निघाल्या की दोघींनी टोकं धरून झटकायच्या, घडी, घडी, पुन्हा घडी. वाफेत श्वास घ्यायचा म्हणजे कुणाचा तरी उरलेला श्वास घेतल्यासारखं वाटतं. रक्ताचे डाग बहुतेक जातात. डाग गेला की चादर कुणाची होती तेही जातं, आणि बाई बरी होऊन घरी गेली की नाही याची चौकशी चादरीकडे करता येत नाही. आज हात चालत होते आणि डोक्यात ती बादली पायऱ्यांवरून येत होती. टुक. शाबास. बादली. या धुलाईखात्याला लागूनच बायकांचा दवाखाना आहे, माझा आवाज तिथेच सापडला. तान्ह्याला लस टोचायला घेऊन गेले होते. नर्सचा घसा बसला होता आणि ती नुसते ओठ हलवत होती, शंभरेक बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी वैतागून म्हटलं, आण तो कागद, आणि नावं पुकारायला लागले. माझी आई म्हणायची, कार्टीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे, भूत घाबरेल. भूत घाबरलं नाही, पण कोपऱ्यात टॅब घेऊन बसलेल्या एका मॅडम उठून आल्या आणि म्हणाल्या, तुमच्या आवाजात माया आहे. मी मनात म्हटलं, माया कसली बाई, नंबर लांब आहे आणि पोर रडतंय म्हणून ओरडतेय. पण कुणी आपल्यात काही आहे म्हटलं की आपण लगेच नाही म्हणत नाही. एरवी आपल्यात काय कमी आहे तेच सांगतात सगळे. रक्त कमी, वजन कमी, शिक्षण कमी.

मॅडमचं ऑफिस म्हणजे एका जुन्या कारखान्याचा वरचा मजला. गरीब आयांनी काय खावं ते फोनवरून सांगायचं, हे तिथलं काम. पहिल्यांदा गेले तेव्हा बोलायच्या खोलीत शिरले आणि हसायलाच आलं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना आणि छताला अंड्यांचे ट्रे ठोकलेले होते. रिकामे. करड्या पुठ्ठ्याचे, ओळीने खड्डे, खड्डे, खड्डे. यंत्र सांभाळणारा एक माणूस आहे, कायम कानांवर डबडी लावून बसतो म्हणून मी त्याला कानवाला म्हणते. त्याला विचारलं, "यातली अंडी कुणी खाल्ली हो?" तो म्हणाला, "ट्रे असेच मिळतात, नुसते." मी त्या खड्ड्यांकडे बघत बोलले, रोज एक अंडं खा. आवाज त्या पुठ्ठ्यात जायचा आणि तिथेच मरायचा. एखाद्या खोलीत आपलं बोलणं भिंतींनी खाल्ल्यासारखं वाटतं, तशी ती खोली. सगळी वाक्यं मॅडमनी लिहून दिलेली असायची. एक दाबणारीसाठी शाबास. दोन दाबणारीसाठी लिहिलं होतं, "काही हरकत नाही, आपण पुन्हा प्रयत्न करूया." ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. प्रयत्न कसला करायचा, अंडं बाई स्वतः घालणार आहे का? त्या दिवशी मी सकाळपासून कोऱ्या चहावर होते, तान्ह्याने रात्रभर ओढून ओढून छातीची चिंधी केली होती. आठ-दहा वेळा वाक्य फसल्यावर मी कागद खाली ठेवला आणि अंधारात कुणी बसलं असावं तसं म्हटलं, "असू दे गं. सांगितलंस ते बरं केलंस." कानवाल्याने काचेमागून अंगठा वर केला. मॅडम म्हणाल्या, चालेल, नैसर्गिक वाटतंय. तेव्हापासून संध्याकाळ झाली की आमच्या इमारतीत एकामागून एक फोन वाजतात, खालच्या मजल्यापासून वर, आणि घराघरातून मी बोलते. मोरीत भांडी घासताना स्वतःचा आवाज सात घरांतून येताना ऐकणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. पोरं मला "एक दाबा" म्हणतात. जिन्यात आले की, "आली रे एक दाबा." शाबास मी रोज ऐकते. असू दे गं मात्र त्या खोलीतून बाहेर पडल्यावर एकदाही ऐकलं नाही. पुठ्ठ्यातच राहिलं असावं.

सासूला फोनातली मी फार आवडते. "लाव, लाव, मोठ्यानं लाव," म्हणते, माझ्या फोनवर माझाच फोन आला की. मीही त्यांच्या यादीत आहेच ना, तान्हं अंगावर पितंय. तर मी स्वतःला विचारते, ताई, आज तुमच्या पोटात गेलं का? सासू बाजूला भिंतीला पाठ लावून बसलेली, नवरा ताटावर, मोठी मुलगी भिंगरी त्याच्या ताटातलं उचलणारी. "बघ, किती मऊ बोलतेस तिथं," सासू म्हणते, "घरात बोलायला काय झालं? घरात तर भांडी आपटल्यासारखी बोलतेस." मी एक दाबते. सासूसमोर दोन दाबायचं म्हणजे भर चौकात सांगायचं, या घरात सुनेला मिळत नाही. आणि मिळत नाही असं तरी कुठे आहे? मिळतं. नवऱ्याचं झाल्यावर, भिंगरीचं झाल्यावर, सासूचं झाल्यावर पातेल्यात जे असतं ते सगळं माझंच असतं. कधी भात असतो. कधी खरवड असते. गोदामात पोती उचलणाऱ्याला भात कमी घालून चालत नाही, हे मला मॅडमपेक्षा जास्त कळतं, कारण पोत्यांचं दुखणं रात्री माझ्या शेजारी झोपतं. त्यामुळे एक. टुक. शाबास, ताई. सासू मान हलवते. माझी आईही शेवटीच बसायची, पण ती अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसायची आणि बाहेर आम्ही अंथरुणं घालताना आतून डावाचा आवाज यायचा, पातेल्यावर, ताटावर. "आई, जेवलीस?" "अगं जेवतेच आहे." टण टण. एकदा पाणी प्यायला आत गेले. तिच्या मांडीवर कोरडं ताट होतं आणि ती डाव पातेल्याच्या कडेवर हळूहळू आपटत होती, समोर बघत, नीट तालात. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. मग तिने डाव अजून दोनदा आपटला, काम अर्धं सोडू नये तसा. मी पाणी न पिताच बाहेर आले आणि बाबांना सांगितलं, आई जेवतेय. इतक्या वर्षांनी आज धुलाईखात्यात चादर झटकताना माझ्या हातून टोक सुटलं, चादर जमिनीवर पडली आणि मुकादम ओरडला, "झोपलात का?" झोपले नव्हते. टण टण ऐकत होते.

दुपारी अर्धी सुट्टी टाकून ऑफिसला गेले, नवी वाक्यं बोलायची होती. मॅडम खुशीत होत्या. तशा त्या चांगल्या आहेत, शिव्या द्यायला सोप्या नाहीत, हाच त्यांचा त्रास. "या या, आमची हिरॉईन आली," म्हणाल्या आणि पडद्यावर नकाशा दाखवायला लागल्या. त्यात आमची इमारत हिरवीगार, शेत असावं तशी. कालव्यापलीकडची वस्ती लालभडक. "दोन्हीकडे घरं सारखी, कमाई सारखी," मॅडम म्हणाल्या, "फरक एकच आहे. तिकडे आम्ही मशीनचा आवाज ठेवला आहे. मुद्दाम, बघायला. आणि इकडे तुमचा. तिकडच्या बायका रोज नाही म्हणतात. इकडे तुमचं ऐकून सगळ्या खायला लागल्या. एका आवाजाने केवढा फरक पडतो बघा." मी विचारलं, "मग त्या लाल बायकांचं काय?" मॅडमनी दार लोटून घेतलं. "त्यांना खोकं जाणार. अंडी, दूध पावडर, शेंगदाणे, दर आठवड्याला, बाळ चालायला लागेपर्यंत. ज्यांचं उत्तर नाही, फक्त त्यांना. आज संध्याकाळची उत्तरं शेवटची, उद्या सकाळी खोकी निघतात. पण हे बाहेर बोलू नका हं. नाहीतर उद्या ज्या रोज खातात त्या पण नाही दाबतील." म्हणजे यांनी सगळा विचार केला होता. बाई हावरट असेल, बाई लबाडी करेल, बाई फुकटच्या अंड्यासाठी भरलेलं पोट झाकेल, सगळा. फक्त बाई लाजेल, हा विचार केला नव्हता. मला त्या हिरव्या रंगात नवीची खोली शोधावीशी वाटली. हिरव्याचा एक ठिपका तिचा होता, त्यात पालथं पातेलं आणि बुडावर धूळ.

हे मला तेव्हा एवढं सरळ कळलं नव्हतं, आता सांगताना सरळ वाटतंय. तेव्हा मी नुसती त्या ट्रेच्या खोलीत जाऊन बसले आणि कानांवर डबडी चढवली. आज डोकं जड होतं, खड्डे जवळ येऊन लांब जात होते. कानवाल्याने खूण केली, यंत्र चालू. काचेपलीकडून मॅडमचा आवाज कानात आला, "घाम आलाय तुम्हाला. जेवून आलात ना?" "हो, जेवले," मी म्हणाले. आणि ते माझ्याच कानात आलं. मऊ. मायेचं. शाबाससारखंच. सकाळचा पाव नवीला दिला होता, त्याआधी काल रात्री खरवड, आणि मी कुणी ढुंगणाला चिमटा काढल्यासारखी पटकन म्हणाले होते, हो, जेवले. विचारसुद्धा केला नाही. दारात पाहुणा आला, जेवलात का म्हणाला, की हो म्हणायचं. कुणाच्या घरी गेलं, जेवता का म्हणाले, की आत्ताच जेवून निघाले म्हणायचं. पोटाला विचारून हे उत्तर कुणी देतं का? समोरच्याची अडचण होऊ नये म्हणून देतात. त्याच्या पातेल्यातलं त्याला पुरावं म्हणून देतात. ज्याच्या आवाजात माया असते त्याला तर हमखास देतात. मशीनची कसली अडचण, मशीनला काय वाईट वाटणार, म्हणून पलीकडच्या बायका बिनधास्त दोन दाबतात. आणि आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका रोज संध्याकाळी मला सांगतात, आम्ही जेवलो गं, तू नको काळजी करूस.

"मॅडम," मी डबडी काढत म्हटलं, "माणसाने विचारलं ना, की बायका हो म्हणतात." मॅडम हसल्या. "तेच तर मी म्हणतेय. विश्वास. तुमच्या आवाजात तो आहे." "तसं नाही. त्यांनी खाल्लेलं नसतं." "सगळ्यांनीच? रोज?" त्यांनी मान जरा तिरकी केली, पोराने भूत बघितलं म्हटल्यावर करतात तशी. "आता सगळ्या वस्त्यांमध्ये तुमचाच आवाज लावायचं ठरलंय. मशीन बंद. तुम्हाला सांगणारच होते." दमलेल्या माणसाचं भांडण सुरू होण्याआधीच बसून घेतं. मी नवी वाक्यं बोलले. सगळी एका दमात नीट आली. "वा," कानवाला म्हणाला, "आज घसा एकदम मोकळा आहे." मी म्हटलं, "रिकाम्या मडक्याचा आवाज चांगलाच येतो." तो हसला. विनोद म्हणूनच केला होता, हसला तर हसला.

इमारतीखाली आले तेव्हा उन्हं उतरली होती आणि जिन्यात सकाळचं पाणी वाळून पांढरे डाग पडले होते. मी घरी न जाता आधी नवीकडे शिरले. ती फाटक्या उशीचा अभ्रा टाचत बसली होती. म्हटलं, "बरी आहेस का?" "हो, बरी आहे की." "हे बघ, संध्याकाळी फोन येईल ना, तर दोन दाब." तिने सुई थांबवली. "का?" मॅडमनी तोंडाला टाका घातला होता, पण तिच्या दंडाची कडी अजून माझ्या बोटांत होती. सांगितलं. खोक्याचं, अंड्यांचं, उद्या सकाळचं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हरखेल. ती लालच झाली, सकाळपासून पहिल्यांदा रक्त दिसलं चेहऱ्यावर, तेही रागाचं. "म्हणजे मी सगळ्या इमारतीला ऐकवू, माझ्या घरात खायला नाही म्हणून? यांना कळलं तर काय म्हणतील? नवरा उन्हात डांबर ओततोय आणि ही फोनवर भीक मागतेय." "भीक कसली? विचारतात म्हणून सांगायचं." "विचारतात कोण? तुम्ही विचारता. तुमचा आवाज आहे तो. तुम्हाला कसं नाही म्हणू? तुमच्या घरात काय आहे ते मला माहीत नाही का? तुम्ही आज पाव दिलात तो कुणाच्या तोंडचा होता?" मग ती खाली मान घालून, सुईत दोरा ओवत, अगदी हळू म्हणाली, "आणि ताई, भिंत काय माझ्याच बाजूनं पातळ आहे का? तुमच्याकडून पण रोज शाबासच येतं."

हे ऐकून उठले ती सरळ घरी आले आणि चूल पेटवली. खोटी म्हणायची सोय नव्हती. डाळ टाकली, भात टाकला. तांदूळ धुताना पाणी पांढरं झालं आणि मी ते बराच वेळ ओतलं नाही, बघत राहिले. छातीवर तान्हं लोंबत होतं आणि ओढून ओढून काही लागेना म्हणून चिडून सोडत होतं, पुन्हा धरत होतं. आपण त्याला काय फसवणार? त्याला आवाज पुरत नाही. दोन दाबायचं म्हणजे बोट किती हलवायचं? एकाच्या शेजारीच दोन. मी मनात हलवून बघितलं. बोटाचं काही नव्हतं. पण बोटामागून सासूचे डोळे येत होते, नवऱ्याचा घास थांबलेला दिसत होता, आणि त्यांच्याही मागे अंधारात आई मांडीवर कोरडं ताट घेऊन, डाव उचललेला, माझ्याकडे बघत. सांगणार आहेस का बाहेर? तेव्हा मी बाबांना सांगितलं असतं, आई जेवत नाही, तर काय झालं असतं? बाबांनी कदाचित ताट भिरकावलं असतं. कदाचित अर्धा भात ठेवला असता. आई लाजेने मेली असती असं मला तेव्हा वाटलं. ती लाजेने मेली नाही. ती चाळिशीच्या आतच, साध्या तापाने गेली, आणि दवाखान्यात म्हणाले, अंगात काही नव्हतंच.

नवरा आला, हातपाय धुतले, बसला. सासू भिंतीला पाठ लावून. भिंगरीने ताटं मांडली. खालच्या मजल्यावर पहिला फोन वाजला. ताई, आज तुमच्या पोटात गेलं का. टुक. शाबास. मग दुसरा. मग आमच्या मजल्याचं टोक. मी चढत चढत येत होते, घर घर करत, दारोदार फिरणाऱ्यासारखी. "लाव मोठ्यानं," सासू म्हणाली. मी फोन पूर्ण मोठा केला, आणि उठून फळ्यांच्या खालच्या विटेवर नेऊन ठेवला. "तिकडं कशाला?" नवरा म्हणाला. वाजला. "ताई, आज अंडं, डाळ किंवा दूध यातलं काही तुमच्या पोटात गेलं का? हो असेल तर एक दाबा. नाही असेल तर दोन दाबा." आपलाच आवाज आपल्याला ताई म्हणतो आणि उत्तराची वाट बघतो तेव्हा मधे जी जागा पडते, ती फार मोठी असते. तिच्यात मी सगळी मावले, तान्ह्यासकट. मग दोन दाबलं.

क्षणभर काहीच आलं नाही. मला वाटलं, पुसलं असेल त्यांनी, कुणी ऐकत नाही म्हणून. आणि मग आला. जाडा, दमलेला, कोऱ्या चहावरचा आवाज. "असू दे गं. सांगितलंस ते बरं केलंस."

सासूने मान वर केली. तो आवाज तिने ओळखला, हा घरातला होता. "काय दाबलंस?" "दोन." "चुकून दाबलं असेल," नवरा म्हणाला, कुणाला तरी सोडवावं तसा. "चुकून नाही," मी म्हटलं. त्याचा हात ताटातच राहिला. सासू हसल्यासारखं करत म्हणाली, "म्हणजे आम्ही तुला उपाशी ठेवतो, असं सांगितलंस सरकारला?" "सरकार नाही ते. आणि कुणी ठेवत नाही, आई. उरत नाही." "उरत नाही," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला, पण माझ्यावर नाही, कुणावर ते तिलाही कळलं नसावं. "माझ्या वेळेला उरत होतं का? पाच बाळंतपणं खरवडीवर काढली. तेव्हा कुणाचा फोन आला होता? मी कुणाला दाबू दोन? सांग ना. मी कुणाला दाबू?" यावरचं वाक्य मॅडमनी लिहून दिलं नव्हतं. नवरा उठला नाही, जेवलाही नाही. भिंगरी तिच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तिच्याकडे बघत होती.

तेवढ्यात फळ्यांपलीकडे वाजला. सासूचं तोंड उघडं होतं, ते तसंच मिटलं. सगळ्यांनी ऐकलं, ऐकावंच लागतं. ताई, आज तुमच्या पोटात गेलं का. हो असेल तर एक. नाही असेल तर दोन. मग टुक नाही. बांगडी कशाला तरी लागल्याचा आवाज. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. तिला हाक मारावी, असं जिभेपर्यंत आलं, पण माझाच आवाज तिच्या समोर आधीच बसला होता, त्यात आणखी मी कशाला? पलीकडच्या मीने सगळं पुन्हा विचारलं, तेवढ्याच मायेने, न कंटाळता. तिला कंटाळा येत नाही, तिला भूक लागत नाही, तिचं चांगलं आहे. सासू पुटपुटली, "दाब की पोरी." कुणाला म्हणाली, काय दाब म्हणाली, ते मी विचारलं नाही.

टुक.

"असू दे गं," फळ्यांपलीकडून आलं. "सांगितलंस ते बरं केलंस." आणि त्यानंतर काही नाही, ना रडण्याचा आवाज, ना हसण्याचा, फक्त उशी खाली ठेवावी तसं काहीतरी ठेवल्याचा आणि एका लांब श्वासाचा. पुढच्या घरात फोन वाजायला लागला. मी होते तिथेच विटांना पाठ टेकून खाली बसले, सकाळी ती बसली होती तशी. भात उतरवायचा होता, ताटं वाढायची होती. म्हटलं, वाढेल कुणीतरी.